ओवेन गॅरियट : एका बिनतारी घराण्याची गोष्ट

घरात एखाद्याला दांडगा छंद असला की बाकीच्यांना त्याचा थोडाफार जाच होतोच. पोस्टाची तिकिटं किंवा जुनी नाणी जमवणारा माणूस फार तर एक कपाट अडवतो. हौशी रेडिओवाल्याचं तसं नसतं. त्याच्या गच्चीवर तारा ताणलेल्या असतात, टेबलावर सुट्या भागांचा पसारा असतो, खोलीत सोल्डरिंगचा वास भरलेला असतो. शिवाय घर झोपलं की याचा दिवस उजाडतो, कारण लघुलहरींवर दूरदेशीचे आवाज बहुधा रात्रीच चांगले ऐकू येतात. शेजारी म्हणतात, तुमच्यामुळे आमच्या टीव्हीत खरखर येते. बायको म्हणते, त्या डब्याशी बोलता तेवढं माझ्याशी बोलला असतात तर बरं झालं असतं. अशा माणसाच्या मुलांपुढे दोनच वाटा असतात. एक तर त्या डब्याचा कायमचा राग धरायचा, नाहीतर शेजारी खुर्ची ओढून बसायचं.

आज ज्या घराण्याविषयी बोलायचं आहे, तिथे खुर्ची मुलानं ओढली नाही. बापानं ती मुलासाठी ओढली. पुढे हा मुलगा अवकाशात गेला, आणि त्याच्या मागोमाग त्याचा मुलगाही गेला. दोघांनी तिथून पृथ्वीवरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारल्या, त्याही आजोबांच्या काळापासून घरात आलेल्या याच छंदाच्या जोरावर.

हा छंद म्हणजे नेमकं काय, ते आधी थोडक्यात सांगतो. आपण आकाशवाणी ऐकतो तो व्यवहार एकतर्फी असतो. ते बोलतात, आपण ऐकतो. हौशी रेडिओवाल्याकडे ऐकण्याबरोबर बोलण्याचंही यंत्र असतं. इंग्रजीत या मंडळींना ‘हॅम’ म्हणतात. वाटेल त्यानं उठावं आणि बोलत सुटावं, असं मात्र चालत नाही. सरकारी परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो, आणि परवान्याबरोबर एक हाकेचं चिन्ह मिळतं. त्याला ‘कॉल साइन’ म्हणतात. तुमचं चिन्ह जगात दुसऱ्या कोणाचं नसतं. आपल्याकडची चिन्हं ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. राजीव गांधी स्वतः हॅम होते आणि त्यांचं चिन्ह होतं व्हीयू-२-आरजी. या यंत्रावरून धंदा करायचा नाही, ही अट जगभर सारखीच आहे. म्हणजे हौस ती निव्वळ हौस. एकमेकांशी संपर्क झाला की त्याची खूण म्हणून पोस्टानं एक कार्ड धाडायचं, ही रीतही जुनी आहे. अनेक हॅमच्या खोल्यांच्या भिंती अशा कार्डांनी भरलेल्या असतात.

आता गोष्टीकडे वळू. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात एनिड नावाचं गाव आहे. मुलूख गव्हाचा. धान्याची उंचच उंच कोठारं ही गावाची ओळख, आणि आसपास तेलाच्या विहिरी. २२ नोव्हेंबर १९३० रोजी ओवेन गॅरियट यांचा जन्म इथे झाला. ओवेन शाळेत असताना गावात संध्याकाळी हौशी रेडिओचा वर्ग भरत असे. त्या वर्गाला आपण दोघं मिळून जाऊ या का, असं वडिलांनी मुलाला विचारलं. मुलगा तयार झाला. बापलेक एकाच वर्गात विद्यार्थी म्हणून बसू लागले. त्या काळी परवान्याच्या परीक्षेत विजेचं नि रेडिओचं शास्त्र तर असेच, पण खरी कसोटी मोर्सच्या कडकट्टची असे. मिनिटाला तेरा शब्द या वेगानं संदेश घेता आणि देता यायला हवा होता. ओवेन त्यात उतरला आणि त्याला चिन्ह मिळालं, डब्ल्यू-५-एलएफएल. हे चिन्ह त्यानं जन्मभर जपलं.

मला या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो. मुलाला शिकवणीला घालणारे बाप पुष्कळ असतात. आपण तर त्यात वाकबगारच आहोत. मुलाला शिकवणारे बापही असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी अभ्यासाच्या वेळी रडारड असते. पण मुलाच्या शेजारी बसून, त्याच्याइतकंच अडाणी होऊन, त्याच्याबरोबर चुकत शिकणारा बाप विरळा. मोर्सच्या बाबतीत तर कोवळा कान मोठ्या माणसाच्या कानापेक्षा लवकर तयार होतो, असं जुने हॅम सांगतात. अशा वर्गात बापाला मुलाकडून काही विचारून घ्यावं लागलं, तर त्यात नवल नाही. गुरू म्हणजे पुढे चालणारा, अशी आपली समजूत असते. एनिडच्या या गृहस्थांनी मुलाच्या बरोबरीनं चालून ते काम केलं.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिकेत हौशी रेडिओ केंद्रांना टाळं लागलं. ते उघडायला १९४५ सालची अखेर उजाडली. आपल्याकडे १९३९ मध्येच तसं झालं होतं. यंत्रं पोलिसांच्या हवाली करा, असे हुकूम निघाले. पण हातातली विद्या कशी जप्त करणार? १९४२ च्या चळवळीत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. त्यासाठी यंत्र उभारून देणारे नरिमन प्रिंटर हे मुळात हौशी रेडिओतलेच गृहस्थ होते. त्या कहाणीचा शेवट नोव्हेंबर १९४२ मध्ये धाडीनं आणि अटकेनं झाला. तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

ओक्लाहोमाला उत्तरेकडून लागून असलेल्या कॅन्सस राज्यातही जवळपास त्याच सुमारास असाच एक मुलगा वाढत होता. त्याचं नाव जॅक किल्बी. त्याचे वडील एक छोटी वीज कंपनी चालवत. गिऱ्हाइकं पश्चिम कॅन्ससच्या खेड्यापाड्यांत विखुरलेली. जॅक हायस्कुलात असताना मोठं हिमवादळ झालं. विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा तुटून पडल्या, गावांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. तेव्हा किल्बींच्या वडिलांनी हौशी रेडिओवाल्यांना हाताशी धरलं आणि त्यांच्यामार्फत दूरच्या वस्त्यांची खबरबात घेतली. मुलगा ते पाहत होता. रेडिओ ही नुसती करमणूक नाही, अडल्या माणसाचा तो आधार होतो, हे त्याला त्या वेळी उमगलं. त्यानंही हॅमचा परवाना काढला. पुढे १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काम करताना याच किल्बी यांनी पहिलं इंटिग्रेटेड सर्किट करून दाखवलं. आपल्या मोबाइलपासून घड्याळापर्यंत सगळीकडे जी ‘चिप’ असते, तिचा हा पूर्वज. २००० साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा आत्मवृत्त लिहिताना त्यांनी ते वादळ आणि वडिलांची ती धडपड आठवणीनं सांगितली.

संकटात हा छंद कसा कामाला येतो, हे आपणही पाहिलेलं आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून जगाशी संपर्क साधायचा, हौसेची कार्डं मिळवायची, एवढाच बेत होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन बंद पडले. त्यानंतर तिथली खुशाली मुख्य भूमीवर कळवण्याचं मोठं काम त्यांच्या त्या हौशी यंत्रांनी केलं.

पुन्हा ओवेनकडे येऊ. ओक्लाहोमा विद्यापीठातून १९५३ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, तीन वर्षं नौदलात इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी म्हणून काढली आणि मग ते स्टॅनफर्डला गेले. तिथे त्यांनी संशोधनासाठी विषय निवडला तो आयनोस्फिअरचा. पृथ्वीभोवती साधारण साठ-सत्तर किलोमीटरपासून वर काही शे किलोमीटरपर्यंत विद्युतभारित कणांचा हा थर असतो. सूर्याच्या किरणांनी तो तयार होतो. लघुलहरी या थरावर आपटून खाली परततात, म्हणूनच एनिडमधला पोरगा घरबसल्या समुद्रापलीकडच्या माणसाशी बोलू शकतो. आज ऑस्ट्रेलिया स्पष्ट ऐकू येते आणि उद्या शेजारचं राज्यही नाही, असं का होतं, हा प्रश्न प्रत्येक हॅमला पडतो. बहुतेक जण तो नशिबावर सोडून देतात. ओवेननी त्याच प्रश्नावर डॉक्टरेट केली.

त्यांना काळाचीही साथ मिळाली. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियानं स्पुटनिक सोडला. त्याची ‘बीप बीप’ वीस मेगाहर्ट्झच्या आसपास होती, त्यामुळे साध्या हौशी यंत्रावरही ती ऐकू येत असे आणि जगभरच्या हॅमनी ती ऐकली. पुढच्या स्पुटनिकांच्या लहरी वरून खाली येताना आयनोस्फिअरमधून जात, आणि जाताना त्यांत जो फरक पडे त्यावरून त्या थराची मोजदाद करता येई. ओवेन यांचं काम या मोजदादीचं. १९६० मध्ये पीएच.डी. झाली, मग वर्षभर इंग्लंडमध्ये संशोधन झालं. त्यांचा मुलगा रिचर्ड याचा जन्म तिथेच, केंब्रिजला, ४ जुलै १९६१ रोजी झाला. परतल्यावर ते स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले. हेन्री रिशबेथ यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला आयनोस्फिअरवरचा ग्रंथ १९६९ मध्ये निघाला आणि त्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला.

दरम्यान १९६५ मध्ये नासानं शास्त्रज्ञांमधून अंतराळवीर निवडायचं ठरवलं आणि पहिल्याच तुकडीत गॅरियट यांची निवड झाली. प्रत्यक्ष उड्डाणासाठी मात्र आठ वर्षं वाट पाहावी लागली. २८ जुलै १९७३ ला ॲलन बीन आणि जॅक लूस्मा यांच्याबरोबर ते ‘स्कायलॅब’वर गेले. १९७९ साली कोसळताना जिनं आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांचीही झोप उडवली होती, तीच ही स्कायलॅब. तिथे ते ५९ दिवस राहिले. सूर्याची निरीक्षणं केली, अवकाशात कोळी जाळं कसं विणतो तेही पाहिलं. स्कायलॅबवर एक हौशी रेडिओ संच न्यावा, असा प्रस्ताव अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी आधीच दिला होता. नासानं तो मान्य केला नाही. जन्मभराचा हॅम पृथ्वीभोवती फिरत होता आणि त्याला आपल्या चिन्हानं हाक देता येत नव्हती.

पण रेडिओशी खेळल्याशिवाय राहील तो हॅम कसला! उड्डाणाआधी ओवेन यांनी आपली पत्नी हेलन यांचा आवाज गुपचूप ध्वनिमुद्रित करून बरोबर नेला होता. एके दिवशी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाशी बोलणं चालू असताना स्कायलॅबवरून एका बाईंचा आवाज आला. पोरांना कित्येक दिवसांत घरचं जेवण मिळालं नाही, म्हणून मी डबा घेऊन आले आहे, अशा अर्थाचं काहीतरी त्या बोलू लागल्या. अंतराळात बाई आल्या कुठून, म्हणून खालची मंडळी चक्रावून गेली. पुढे हा प्रसंग अमेरिकेच्या अंतराळ इतिहासातली एक आवडती थट्टा ठरला.

हौशी रेडिओची खरी संधी मिळाली ती दहा वर्षांनी. २८ नोव्हेंबर १९८३ ला ‘कोलंबिया’ यान निघालं. जॉन यंग हे कप्तान, बरोबर पाच जण, आणि यानाच्या पोटात ‘स्पेसलॅब’ ही युरोपनं बांधलेली प्रयोगशाळा. सहा जण दोन पाळ्यांत विभागलेले, बारा बारा तासांची पाळी, म्हणजे यानात कामाला खंड नाही. गॅरियट यांच्या नावावर विज्ञानाचे ढीगभर प्रयोग होते. आपल्या रिकाम्या वेळात हौशी रेडिओ चालवण्याची परवानगी मात्र या खेपेला त्यांना मिळाली.

सामान ते किती? हातात मावेल असा एक संच आणि खिडकीच्या काचेला आतून लावायचा एक अँटेना. ताकद काही थोड्या वॅटची, म्हणजे घरातल्या झिरोच्या दिव्याच्या जोडीला बसेल इतकी. एवढ्याशा ताकदीवर अडीचशे किलोमीटर खाली आवाज कसा पोचला? तर मध्ये अडथळाच नव्हता. एनिडहून शेजारच्या गावाला बोलायचं तर मध्ये झाडं, घरं, टेकाडं आणि पृथ्वीचा बाक. वरून खाली सगळं मोकळं. गंमत म्हणजे त्यांनी वापरल्या त्या दोन मीटरच्या लहरी. या लहरी आयनोस्फिअरवर आपटून परतत नाहीत, थेट आरपार जातात. ज्या थरावर हयात घालवली, त्या थराला न जुमानणाऱ्या लहरींवरूनच या शास्त्रज्ञाला बोलायचं होतं.

अडचण होती ती वेळेची. यान नव्वद मिनिटांत पृथ्वीला फेरी घालतं. खालच्या माणसाला ते क्षितिजावर उगवतं आणि सात-आठ मिनिटांत मावळतं. तेवढ्यात हाक द्यायची, ती वर ऐकू जायची, आपलं चिन्ह त्यांनी ओळखायचं आणि उत्तर द्यायचं. आणि हाका देणारे हजारोंनी. आपल्याकडे जत्रेत हरवलेलं मूल आईला हाक मारतं, तसा सगळा गलका एकाच लहरीवर. त्यातून एखादं चिन्ह वेचून काढायचं. पहिला स्पष्ट संपर्क झाला तो मोंटाना राज्यातल्या एका हॅमशी. मग एकेक करत हा आकडा अडीचशेच्या पुढे गेला. त्यांत जॉर्डनचे राजे हुसेन होते, जेवाय-१ हे त्यांचं चिन्ह. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक एकदा लढवलेले सिनेटर बॅरी गोल्डवॉटर होते. बाकी सगळी तुमच्याआमच्यासारखी माणसं. आणि गॅरियट यांची आईही होती.

तोवर अंतराळवीराशी बोलायचं तर फक्त नियंत्रण कक्षातून, ठरलेल्या माणसानं, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या विषयावर बोलायचं असा शिरस्ता होता. आपल्या घरातल्या टेबलाशी बसून, कोणाचाही निरोप्या मध्ये न घेता, अवकाशातल्या माणसाशी बोलता येतं, हे १९८३ च्या त्या दहा दिवसांत पहिल्यांदा घडलं. राजाला आणि रंकाला एकच वाट, एकच लहर, एकच नियम. ८ डिसेंबरला कोलंबिया उतरलं. उतरण्याआधी संगणक बिघडले, उतरताना मागच्या भागात आग लागली, पण सगळे सुखरूप राहिले.

त्या छोट्या संचानं पायंडा पाडला. १९८५ मध्ये टोनी इंग्लंड या अंतराळवीरानं पुढच्या यानातून आवाजाबरोबर चित्रंही पाठवली. नंतर शाळांना त्यात सामील करून घेण्यात आलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २००० सालच्या नोव्हेंबरात पहिली तुकडी राहायला गेली आणि त्याच महिन्यात तिथलं हौशी रेडिओ केंद्र सुरू झालं. तेव्हापासून देशोदेशींच्या शाळकरी मुलांनी त्यावरून अंतराळवीरांना प्रश्न विचारले आहेत. आपल्या कल्पना चावला यांनीही हॅमचा परवाना घेतलेला होता. १ फेब्रुवारी २००३ ला त्यांच्यासह सात जणांना घेऊन परतताना जे यान दुभंगलं, ते हेच कोलंबिया. आणि २०२५ च्या जुलैमध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर असताना भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हौशी रेडिओवरूनच.

आता तिसऱ्या पिढीकडे येऊ. रिचर्ड वाढला तो ह्यूस्टनजवळच्या अंतराळवीरांच्या वस्तीत. वडील अंतराळवीर, शेजारच्या घरांतही अंतराळवीर. माणूस मोठा झाला की अवकाशात जातो, अशीच आपली लहानपणी समजूत होती, असं तो पुढे नेहमी सांगे. ही समजूत तुटली ती तेराव्या वर्षी. डोळे तपासताना नासाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुला चष्मा लागणार, त्यामुळे तुला अंतराळवीर होता यायचं नाही. एका वाक्यात दार बंद झालं.

आपल्याकडे अशा वेळी वडील एक तर मुलाची समजूत घालतात, नाहीतर दुसरी प्रवेश परीक्षा शोधतात. गॅरियट यांनी काय केलं, तर मुलगा ज्यात रमला होता त्यात रस घेतला. रिचर्डला संगणकावर खेळ लिहिण्याचं वेड लागलं होतं. खेळ पुरा करून दाखव, मग तुझ्या ‘ॲपल’ संगणकाच्या पैशांत मी हातभार लावतो, असा सौदा वडिलांनी केला. मुलानं तो जिंकला. पुढे त्याचे ‘अल्टिमा’ या नावाचे खेळ जगभर गाजले. १९८३ मध्ये त्यानं भावाबरोबर ‘ओरिजिन सिस्टिम्स’ ही कंपनी काढली, तेव्हा संस्थापकांत वडिलांचंही नाव होतं. म्हणजे ज्या वर्षी बापानं कोलंबियातून जगाला हाक दिली, त्याच वर्षी तो मुलाच्या धंद्यातही उतरला. एनिडच्या वर्गात शेजारी बसण्याचा जो धडा त्यांना मिळाला होता, तो त्यांनी असा पुढे वापरला, असं मला वाटतं.

खेळांतून मिळालेला पैसा रिचर्डनं कशात घातला? खासगी अंतराळ प्रवासात. नासाचं दार बंद आहे ना, मग दुसरं दार पाडू, असा हिशेब. रशियाच्या सोयुझ यानातून प्रवासी पाठवणाऱ्या कंपनीत त्यानं सुरुवातीलाच पैसे गुंतवले. पहिली जागा त्याचीच असायची, पण २००१ च्या सुमारास संगणक कंपन्यांचे शेअर गडगडले, त्याची पुंजी गेली आणि ती जागा डेनिस टिटो या दुसऱ्या धनिकाला गेली. रिचर्डनं पुन्हा सुरुवात केली. पुढे वैद्यकीय तपासणीत यकृतावर एक दोष निघाला. एरवी त्याचा काही त्रास नव्हता, पण अवकाशात धोका होता. त्यानं पोटावर मोठी शस्त्रक्रिया करून घेतली. एवढं सगळं करून, सुमारे तीन कोटी डॉलर मोजून, १२ ऑक्टोबर २००८ रोजी तो कझाकस्तानातल्या बैकोनूरहून निघाला. श्रीमंताची हौस, असं म्हणून कोणी नाक मुरडलं तर मी भांडणार नाही. पण त्यानं तिथे काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे.

त्याच्या प्रयोगांच्या आखणीत शास्त्रज्ञ म्हणून वडील होते, वय वर्षं सत्त्याहत्तर. १९७३ मध्ये स्कायलॅबच्या खिडकीतून ओवेन यांनी पृथ्वीची छायाचित्रं काढली होती. त्याच जागांची छायाचित्रं पस्तीस वर्षांनी मुलानं काढायची, म्हणजे नद्या, जंगलं, शहरं किती बदलली ते कळेल, असं ठरलं. बापाच्या नजरेनं पाहिलेली पृथ्वी मुलानं पुन्हा पाहायची. आणि रिकाम्या वेळात? अर्थातच हौशी रेडिओ. डब्ल्यू-५-केडब्ल्यूक्यू हे रिचर्डचं चिन्ह. तो शाळांशी बोलला, शेकडो हॅमशी बोलला, आणि वरून संथ गतीनं उमटणारी चित्रं खाली धाडत राहिला.

२४ ऑक्टोबरला तो उतरला. त्याच्याबरोबर त्या यानात सर्गेई व्होल्कोव्ह हे रशियन अंतराळवीर होते. त्यांचे वडील अलेक्सांद्र व्होल्कोव्ह हेही अंतराळवीर, आणि त्यांनीही ‘मीर’ स्थानकावरून हौशी रेडिओ चालवलेला. दोन अंतराळवीरांची दोन मुलं एकाच यानातून कझाकस्तानच्या माळावर उतरली. त्या माळावर म्हातारे ओवेन गॅरियट मुलाची वाट पाहत उभे होते. तू एवढा ताजातवाना कसा, असं त्यांनी मुलाला विचारल्याचं त्या दिवशीच्या बातम्यांत आलं होतं.

१५ एप्रिल २०१९ रोजी ओवेन गॅरियट हंट्सव्हिल इथे, आपल्या राहत्या घरी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारले. हॅम मंडळींत कोणी गेलं की ‘वारला’ असं म्हणत नाहीत. त्याच्या चिन्हापुढे ‘सायलेंट की’ असं लिहितात. ‘की’ म्हणजे मोर्सचा संदेश ठोकायची ती कळ. ती आता वाजत नाही, एवढंच. एनिडमध्ये आज एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे.